आठ नंबरचा सेहतनामा

मेहकरच्या तहसील कचेरीत इंग्रजी शाखेच्या खोलीला एकच खिडकी होती, आणि ती समोरच्या सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर उघडत होती. वामनराव पारसनीस त्या खिडकीपाशी बावीस वर्षं बसले. त्यांचे आजे-पणजे निजामाच्या अमलात फारसी लिहीत. आडनाव तिथूनच आलेलं. अंमल बदलला, फारसी गेली, इंग्रजी आली, तरी पोराला अलिफ-बे गिरवायला लावायची रीत त्या घरात टिकली. वामनरावांना फारसी येई, उर्दू येई, आणि एका मौलवींकडे चार वर्षं बसून छापील अरबीही वाचता येऊ लागली होती. असा कारकून साऱ्या तालुक्यात दुसरा नव्हता. त्याचा फायदा इतकाच, की नसतं काम दर वर्षी बरोबर त्यांच्याच गळ्यात येऊन पडे.

नसतं काम म्हणजे हाजींचे सेहतनामे. हजहून परतताना जेद्दा बंदरावरच्या दवाखान्यात प्रत्येकाची तपासणी होई आणि एक छापील अरबी कागद भरला जाई. नाव, बापाचं नाव, वय, नब्ज म्हणजे नाडी, हरारत, वबेची लक्षणं, आणि तळाशी डॉक्टरचा शेरा. छत्तीस साली तिकडे महामारी असल्याची आवई उठली आणि वरून हुकूम आला. परतलेल्या हाजींना दहा दिवस तालुक्याच्या गावीच ठेवावं, रोज सकाळी आठला दवाखान्यात नाडी पाहून अंगठा घ्यावा, सेहतनाम्यांचं इंग्रजी भाषांतर नोंदीला जोडावं, आणि मगच त्यांना घरी सोडावं. हुकूम काढणाऱ्याला अरबी येत नव्हती आणि पाळणाऱ्यालाही नव्हती. मधल्या मधे पारसनीस.

वैशाखातल्या एका सोमवारी मलकापूर स्टेशनवरून हवालदारानं नऊ कागदांचा जुडगा आणि नावांची यादी पाठवून दिली. यादी त्यानं माणसं मोजून केली नव्हती. हाजींच्या म्होरक्याकडून कागद घेतले, वरची नुसती नावं कुणाकडून तरी वाचून घेतली आणि उतरवून काढली. हे पुढे कळलं. त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

वामनरावांनी पहिला कागद घेतला आणि सकाळभर त्यावर घाम गाळला. अरबीतला शब्द उर्दूत ओळखीचा असतो, पण तो डॉक्टरच्या इंग्रजीत बसवायचा म्हणजे निराळीच कसरत. 'हरारत, तबियती' असं लिहिलं होतं. अंगची उष्णता, असावी तशी. वामनरावांनी घाईत हरारतीला 'फीवर' लिहिलं. तरणे डॉक्टर नुकतेच नागपूरहून बदलून आले होते. त्यांनी तो कागद उचलला आणि कंपाउंडर उकंडरावाच्या देखत मोठ्यानं हसले. म्हणाले, म्हणजे नऊच्या नऊ हाजी तापानं फणफणलेत म्हणायचे, आणि तो ताप स्वाभाविक आहे! मग 'वबा' या शब्दावरून जुंपली. डॉक्टरांना हवं होतं पटकी का प्लेग ते. वामनराव सांगत होते की शब्दाचा अर्थ साथ, कुठली ते कागदावर नाही, आणि जे नाही ते मी लिहिणार नाही. डॉक्टर म्हणाले, मग तुमची अरबी काय चुलीत घालायची आहे?

वामनरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंचेचाळिशीचा माणूस, चार भाषा येणारा, आणि पंचविशीतलं पोर कंपाउंडरसमोर त्याची अब्रू काढतं. पण कारकुनाचा राग तोंडावाटे निघत नाही, लेखणीवाटे निघतो. पहिल्या कागदाचं भाषांतर त्यांनी तीनदा लिहिलं, डॉक्टरांना पसंत पडेपर्यंत लिहिलं: निरोगी, साथीची लक्षणं नाहीत, घरी जाण्यास हरकत नाही. उरलेले आठ कागद त्याच छापाचे, त्याच आकाराचे. ते त्यांनी उलगडलेसुद्धा नाहीत. यादीतली नावं एकाखाली एक उतरवली आणि दोनपासून नऊपर्यंत प्रत्येक नावापुढे एकच शब्द लिहिला. डिट्टो.

यात कुणाला काही वावगं वाटलं नसतं. त्यांच्या घरातल्या जुन्या मोडी दप्तरात पानंच्या पानं 'कित्ता' लिहून भरलेली होती. आजोबांनी केलं, बापानं केलं, त्यांनी केलं. खाली 'अस्सल बरहुकूम तर्जुमा', म्हणजे मुळाप्रमाणे भाषांतर, म्हणून सही ठोकली, डॉक्टरांनी न वाचता शेजारी आपली ठोकली, आणि कागद नोंदीला लागला.

हाजींचा मुक्काम पैनगंगेकडच्या मुसाफिरखान्यात होता. रोज आठच्या ठोक्याला ते दवाखान्याच्या ओसरीवर येत. उकंडराव टेबलाशी बसून नंबर पुकारी. हा उकंडराव मोठा नग होता. तीस वर्षांत त्यानं मान वर करून रोग्याचं तोंड पाहिलं नव्हतं. तोंडं पाहून काय करायचं, म्हणे, नाडी खोटं बोलत नाही. हात पुढे आला की मनगट धरायचं, खिशातल्या घड्याळाकडे बघत मिनिटभर मोजायचं, 'ठीक' म्हणायचं, अंगठा जांभळ्या शाईच्या गादीवर दाबायचा आणि नोंदवहीत उठवायचा. ज्याचा अंगठा झाला तो निघून जाई. सातव्यापर्यंत ओसरी जवळजवळ रिकामी झालेली असे.

पाचव्या दिवशी साडेआठला वामनरावांच्या खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची, उंच, पांढरी ओढणी, मनगटात काकण नाही. तिनं आपलं नाव सांगितलं. मलनबी, डोणगावच्या दस्तगीर बागवानाची बायको, यादीतला नववा नंबर. कुणी हात जोडून येतं, कुणी रडत येतं. ही भांडायला आली होती.

"साहेब, माह्या माणसाले रोज काऊन बलावता?"

वामनरावांना काही उमगलं नाही. तिनं सांगितलं ते असं. दस्तगीर जेद्द्याला दवाखान्यातच गेला, हजच्याच महिन्यात, जिल्हेजच्या एकवीस तारखेला. तिच्या मांडीवर गेला. तिथंच त्याला माती दिली. आणि इथं मेहकरात रोज सकाळी आठ नंबर पुकारला जातो, वहीत अंगठा उठतो, आणि मग तिचा नंबर येतो तेव्हा तिच्या रेघेच्या वरच्या रेघेवर तो अंगठा ओला असतो. अंगठा त्याचाच. डाव्या बाजूला विळ्याचा वण होता, तोही उठतो.

"साऱ्या उमरीत त्यानं एकच मांगतलं, साहेब. तिथली माती. भेटली त्याले. मी तिथं एक डाव रडली नाई, का त्याच्या मनासारखं झालं. अन् तुमी त्याले रोज उठोता, अंगठा द्यायले मेहकरले आणता. कोणी लिवलं, का तो चांगला हाय म्हणून?"

वामनरावांना राग आला. दुःखानं बाईचं डोकं फिरलंय हे दिसत होतं, पण फिरलेलं डोकं नेमकं आपल्याच खिडकीशी कशाला, असं त्यांना वाटलं. ते म्हणाले, दुसरा कुणी अंगठा देत असेल, तुमच्यातलाच. त्या साती जणांपैकी कुणाची साक्ष आणा, मग बघू.

ती म्हणाली, "माह्यासंगं कोणी बोलत नाई. जहाजात बसल्यापासून कोणी बोललं नाई. मी बोलली तं दुसरीकडं पाह्यतात."

नवरा गमावून आलेल्या बाईला माणसं अशी वागवतात, हे वामनरावांनी आपल्याही लोकांत पाहिलं होतं. त्यांना तिची कीव आली आणि मग त्या किवेचाही राग आला. जाता जाता तिनं आणखी एक सांगितलं. तिची लेक हलिमा डोणगावला दिवस भरलेली आहे. पहिलं बाळंतपण, घरात दुसरी बाई नाही. दहावा दिवस झाला की तिला लेकीकडे जायचंय. पण दहाव्या दिवशी आठ नंबरही सुटेल. "तो घरी आला तं मी काय करू, तुमीच सांगा," ती म्हणाली, आणि उत्तरासाठी थांबली नाही.

ती गेल्यावर वामनरावांनी दप्तरातून जुडगा काढला. वरून सात कागद बाजूला ठेवले. आठवा उलगडला.

छाप तोच. नाव दस्तगीर. नब्जेपुढे आडवी रेघ. हरारतीपुढे आडवी रेघ. तळाशी शेऱ्याच्या जागी हातानं लिहिलेल्या दोन ओळी, आणि त्यातला पहिला शब्द ओळखायला मौलवींची गरज नव्हती. वफात. मृत्यू. एकवीस जिल्हेज.

त्यांनी कागद घडी करून पुन्हा जुडग्यात घातला आणि दोरी बांधली. आधी मलकापूरच्या हवालदाराला शिव्या घातल्या, मग डॉक्टरला, मग हुकूम काढणाऱ्याला. शेवटी शिव्या संपल्या तेव्हा एकटेच उरले. आठ कागद उलगडायला किती वेळ लागला असता? एक चिलीम ओढायला लागतो त्याहून कमी.

दुपारी ते नोंदवही बघायला दवाखान्यात गेले. आठव्या नावापुढे पाच दिवसांचे पाच अंगठे होते. पाचांच्या डाव्या कडेला पांढरी बारीक रेघ, वण असतो तिथं शाई लागत नाही तशी. उकंडरावाला विचारलं, हा कोण येतो? उकंडराव म्हणाला, आठ नंबर येतो. दिसायला कसा? उकंडरावानं डोकं खाजवलं. नाडी जराशी हळू चालते, म्हणाला, बाकी चांगला हाय.

वामनराव डॉक्टरांकडे गेले आणि एका दमात आपली चूक सांगून टाकली. अशी कबुली त्यांनी आयुष्यात दिली नव्हती. डॉक्टरांनी कागद पाहिला, वही पाहिली आणि कपाळाला आठी घातली. रोज हजर राहून अंगठा देणारा माणूस मेला असं मी कसं लिहू, म्हणाले. आणि आता खोडाखोड केली तर सिव्हिल सर्जन विचारतील, सही कुणाची? तुम्ही म्हणता तसा तो मेला असेल, तर मग मी पाच दिवस कुणाची नाडी पाहतोय? वामनराव म्हणाले, तुम्ही पाहत नाही, उकंडराव पाहतो. यावर डॉक्टर असे भडकले की ओसरीवरचे रोगी उठून उभे राहिले. बुलढाण्याहून लेखी मंजुरी आणा, म्हणाले, मग खोडा. मंजुरीचा कागद जाऊन यायला पंधरा दिवस. हातात उरले होते पाच.

सहाव्या दिवशी वामनराव खिडकीतून बघत राहिले. उकंडरावानं "आठ" पुकारलं, तेवढ्यात ओसरीपुढून पाण्याचा हेला गेला आणि पखाली त्याच्यावर ओरडला. वामनरावांनी त्या बाजूला पाहिलं. नजर परत आणली तेव्हा उकंडराव अंगठ्यावर टीपकागद दाबत होता. सातव्या दिवशी पुकार झाली आणि मागून शिरस्तेदारांनी हाक मारली. आठव्या दिवशी कुणी हाक मारली नाही, काही गेलं नाही, आणि तरीही अगदी त्याच घडीला त्यांना लेखणीचं टोक तपासावंसं वाटलं. का वाटलं, ते त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही.

रोज साडेआठला मलनबी खिडकीशी येई. बोलत नसे. आपल्या अंगठ्याची जांभळी शाई ओढणीला पुसत उभी राही आणि त्यांच्याकडे बघे. ते नजर चुकवत. आठव्या दिवशी मात्र बोलली. "माही पोरगी तिकडं एकली हाय, अन् तुमी इथं कागद चाळून राह्यले."

नवव्या दिवशी वामनराव दवाखान्याच्या ओसरीवरच जाऊन बसले. टेबलापासून दोन हातांवर. आज मान हलवायची नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं.

एक झाला. दोन झाला. साती जण आपापला अंगठा देऊन पायऱ्या उतरले. वामनरावांशेजारून जाताना प्रत्येकानं त्यांना सलाम केला. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मलनबीकडे एकानंही पाहिलं नाही.

"आठ."

ओसरीवर वारा नव्हता. टेबलापुढचं बाक कुरकुरलं, कुणी टेकल्यावर कुरकुरतं तसं. उकंडरावानं न बघता हात पुढे केला आणि त्याची चार बोटं अर्धवट मिटली. मधे फट राहिली. मनगटाएवढी.

तो घड्याळाकडे बघत मोजत होता. त्याचे ओठ हलत होते.

वामनराव उठले. त्यांना भीती वाटायला हवी होती, पण वाटला तो संतापच. बावीस वर्षांचा, डॉक्टरचा, स्वतःच्या लेखणीचा, आणि या न दिसणाऱ्या माणसाचासुद्धा, जो मेल्यावरही मुकाट्यानं सरकारी हुकूम पाळत होता. त्यांनी उकंडरावाच्या बोटांमागच्या जागेवर झडप घातली.

हाताला मनगट लागलं.

ऊन होतं. किंचित ओलं. त्यात नाडी चालत होती, हळू, एकेक ठोका अडखळत, ओझं घेऊन चढ चढणारा पाय टाकतो तशी.

वामनरावांनी हात सोडला नाही. सोडायचाच नाही असं ठरवलं होतं. पण मनगट निसटलंही नाही, ओढलंही गेलं नाही. ते नुसतं थांबून राहिलं, पुढचा हुकूम येईपर्यंत थांबावं तसं.

"ठीक," उकंडराव म्हणाला.

गादीवर अंगठा दबला. वहीवर उठला. बाक पुन्हा कुरकुरलं.

"नऊ."

मलनबी पुढे आली. तिचे डोळे कोरडे होते. वामनरावांच्या जवळून जाताना ती हळूच म्हणाली, "पाह्यलं? थकला हाय तो."

त्या दिवशी वामनरावांनी दुसरं काही काम केलं नाही. मंजुरी गेली खड्ड्यात, नोकरी गेली तर जाऊ दे, असं ते घरी बायकोला, अन्नपूर्णाबाईंना म्हणाले. काय झालं ते सांगितलं नाही. त्या माउलीनंही विचारलं नाही. फक्त ताटात भाकरी वाढताना म्हणाल्या की डोळे लाल दिसतात तुमचे, ताप आहे का?

दहाव्या दिवशी साडेसातला ते कचेरीत हजर झाले. भाषांतराचा कागद पुढे घेतला, तांबड्या शाईची दौत उघडली. आठव्या नावापुढचा 'डिट्टो' खोडला आणि वरच्या मोकळ्या जागेत पूर्ण लिहिलं: जेद्दा येथील दवाखान्यात मृत्यू, तिथंच दफन. शेजारी आद्याक्षरं घातली, आणि कचेरीतल्या नकलेवरही तेच केलं. डॉक्टरांना त्या दिवशी सिव्हिल सर्जनबरोबर चिखलीला जायचं होतं, मोटार दारात घुरघुरत होती. दहा-बारा कागदांच्या गठ्ठ्यात मधे हा कागद घालून वामनरावांनी पुढे केला. डॉक्टरांनी पायरीवर उभ्या उभ्या सगळ्यांवर सह्या केल्या. वाचलं एकही नाही. त्यांच्या न वाचण्याचा वामनरावांना पहिल्यांदा आनंद झाला.

आठ वाजता ते खिडकीशी उभे राहिले. सात अंगठे झाले. उकंडरावानं "आठ" म्हणून हात पुढे केला. हात तसाच हवेत राहिला. बाक कुरकुरलं नाही. उकंडरावानं दोनदा बोटं मिटली, उघडली, आणि त्या रोजच्या कामात काहीतरी कमी पडल्यासारखा हात मागे घेऊन वही मिटली.

वामनराव खुर्चीत बसले आणि त्यांना इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

थोड्या वेळानं मलनबी खिडकीशी आली. ते आपण होऊन म्हणाले, "लिहिलं. माझ्या हातानं. आता तो येणार नाही."

तिच्या चेहऱ्यावरचा राग त्यांनी पहिल्यांदाच उतरलेला पाहिला. त्याखाली एक साधी, दमलेली बाई होती. ती म्हणाली, "कंपाउंडरनं माहा अंगठा घेतला नाई आज. सात झाले म्हणे, अन् वही बंद केली."

वामनराव हसले. आता अंगठ्याचं काय घेऊन बसलात, म्हणाले, दहा दिवस भरले, तुम्हाला कोण अडवतो, जा लेकीकडे. तिनं मान डोलावली. "हाव," म्हणाली, "जाते. लई उशीर झाला." आणि डोणगावच्या रस्त्याला लागली. अकराच्या टपालानं भाषांतराचा कागद बुलढाण्याला गेला.

दुसऱ्या दिवशी उकंडराव बंद केलेली नोंदवही दप्तरी लावायला घेऊन आला. सात हाजी सोडले, एवढी नोंद करून घ्या म्हणाला. वामनराव म्हणाले, सात नाही, आठ. आठ नंबर वारला, पण नऊ नंबर आहे.

उकंडरावानं आयुष्यात प्रथम मान वर करून एखाद्याचं तोंड पाहिलं असेल. "नऊ नंबर कुठं आला होता, साहेब? एक दिवस नाई आला."

वामनरावांनी वही ओढून घेतली. आठव्या नावापुढे दहा घरं कोरी होती. नवव्या नावापुढे दहा घरं कोरी. खोडलेलं नव्हतं, खरवडलेलं नव्हतं. कागदावर अजून गिरणीची चकाकी होती. काल-परवापर्यंत जिथं बोटभर शाई होती, तिथं बोट फिरवलं तर नुसता कागद लागत होता.

त्यांनी भाषांतराची कचेरीतली नक्कल काढली. एक नंबर, पूर्ण. दोनपासून सातपर्यंत डिट्टो. आठ, तांबड्या शाईत: जेद्दा येथील दवाखान्यात मृत्यू, तिथंच दफन.

त्याच्या खाली नऊ. मलनबी. डिट्टो.

डिट्टो म्हणजे वरच्याप्रमाणे, आणि वरची ओळ आता मृत्यूची होती. त्यांनी जुडग्याची दोरी सोडली. त्या पाचव्या दिवशी ते आठव्या कागदापर्यंत येऊन थांबले होते. नववा त्यांनी उलगडला नव्हता. कालपर्यंत त्यावर काय लिहिलेलं होतं, हे जगात कुणालाच सांगता येणार नव्हतं, कारण वाचता येणारा एकच माणूस होता आणि त्यानं वाचला नव्हता.

त्यांनी तो उलगडला. नब्जेपुढे आडवी रेघ. हरारतीपुढे आडवी रेघ. तळाशी दोन ओळी, आठव्या कागदावरचंच वळण, तीच शाई, विटून तपकिरी झालेली. वफात. तेवीस जिल्हेज.

दुपारच्या मोटारीनं ते डोणगावला गेले. पहिल्यांदा हाजी नूरखाँकडे, जो त्या जथ्याचा म्होरक्या होता. म्हाताऱ्यानं त्यांना बाजेवर बसवलं, खजूर पुढे ठेवली. दस्तगीरचं विचारलं तसे त्याचे डोळे भरले. नवरा-बायको दोघंही, म्हणाला. आधी तो गेला, दोन दिवसांनी ती. साती जणांनी मिळून दोघांना शेजारी शेजारी माती दिली. "तिची पोरीत जान अटकली होती, साहेब. शेवटपर्यंत म्हणे, मले बाळंतपणाले जायचं हाय."

वामनरावांना ओरडावंसं वाटलं. खोटं बोलता, सगळे मिळून खोटं बोलता, ती माझ्याशी भांडली, रोज भांडली, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण ती आणखी कुणाशी बोलली, हे त्यांनी मनाशी आठवून पाहिलं, तर एकही नाव निघालं नाही. हलिमाचं घर कुठलं तेवढं विचारून घेतलं.

घर बागेच्या कडेला होतं, दोन खणांचं. नवरा केळी घेऊन जळगाव जामोदच्या बाजाराला गेलेला. हलिमा बाजेवर निजली होती, कुशीत एका दिवसाचं बाळ. मुलगी. वामनरावांनी दारातूनच, दवाखान्यातून विचारपूस करायला आलो, असं सांगितलं. हलिमानं त्यांना आत बोलावून पाटावर बसायला सांगितलं. उलट आभारच मानायला लागली.

"तुमी काल दाई धाडली म्हणून वाचली मी. पोर आडवं आलं होतं."

वामनरावांनी कुणी दाई धाडली नव्हती. तीच सांगत राहिली. दुपारी एक बाई आली, मेहकरहून चालत आली म्हणाली. खोलीत अंधार, आपल्याला कळांनी शुद्ध नव्हती, तोंड काही दिसलं नाही. तिनं सगळं केलं, न्हाऊ घातलं, वार पुरली. संगं एक माणूस होता. तो आत आला नाही. भिंतीशी पाठ करून उभा राहिला. बाळ झालं तेव्हा कानात अजान द्यायला घरात पुरुष नव्हता, तर त्यानं बाहेरूनच दिली.

"लई थकेल आवाज होता," हलिमा म्हणाली. "मी म्हटलं पाणी तरी घ्या. तं ती बाई म्हणे, आता नाई, उद्या सावकाश येतो. आता आमाले कोणी बलावणार नाई."

बाळ मघापासून बारीक किरकिरत होतं. ते एकदम गप्प झालं. निजलं नाही, डोळे उघडेच होते.

हलिमानं दाराकडे पाहिलं नाही. वामनरावांकडेही पाहिलं नाही. तिनं बाळाला जरा उचलून जवळ घेतलं, पाय आखडले, गोधडी आपल्याकडे ओढली, आणि बाजेच्या पायथ्याशी दोघांना बसण्यापुरती जागा केली.